साहेब आधी, आई शेवटी

काशिनाथ,

परवा मंडळाची माणसं येऊन गेली. तुझ्या श्रद्धांजलीचं पोस्टर छापायचं आहे, मजकूर मी द्यावा, असं त्यांचं म्हणणं. नमुना त्यांनी सोबतच आणला होता. त्यात तू मितभाषी, निर्व्यसनी आणि समाजभूषण होतास. मी म्हटलं, निदान मितभाषी तरी काढा, लोक हसतील. ते "बघतो" म्हणून गेले. पोस्टर आता अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर लागलं आहे. श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो वर मोठे, तुझा खाली, जरा लहान. मितभाषी राहिलंच आहे.

म्हणून हे वेगळं लिहितो आहे. तुझं-माझं एक भांडण अर्ध्यावर राहिलं. तू गेल्यापासून त्यात माझी बाजू इतकी बळकट झाली आहे, की ती मला नकोशी वाटते.

आपली ओळख फाटक्या पुस्तकांमुळे झाली. मी वाचनालयात, तू छापखान्याच्या मागच्या खोलीत बाइंडर. त्या ऐंशीच्या दशकात आमच्याकडे नवी पुस्तकं क्वचित यायची. जुनीच पुन्हा पुन्हा बांधून घ्यायची पद्धत होती. मी गठ्ठा घेऊन दारात उभा राहिलो की तू सुई न थांबवता विचारायचास, "काय लायब्ररी, आज कुणाकुणाचं मयत आणलंस?" माझं नाव तुला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तू ते एकदाही वापरलं नाहीस.

तुला पुस्तकं वाचायची फारशी आवड नव्हती. ती टिकवायची मात्र जिद्द होती. एखादी भिकार कादंबरीसुद्धा तू अशी पक्की बांधायचास की मी म्हणायचो, हिला एवढं आयुष्य देऊ नकोस, वाचकांचा जरा विचार कर. तू म्हणायचास, "आपण बांधायचं. कुणी मरायचं ते वाळवी ठरवेल." पण वाळवीला तू कधी काही ठरवू दिलं नाहीस. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायचास, आणि ती निवत आली की मोरचुदाचा निळा खडा कुटून तिच्यात मिसळायचास. मोरचूद विषारी, त्या खळीला वाळवी, झुरळ, बुरशी कुणी शिवत नाही. तुझी खळ फिकट निळी दिसायची, आणि तुझ्या नखांच्या कडाही. मोरचुदाशिवाय खळ करणाऱ्या बाइंडरांबद्दल तू जे बोलायचास ते पोस्टरवाल्यांनी ऐकलं असतं तर समाजभूषणही काढावं लागलं असतं.

मग मी तुझ्या घरी येऊ लागलो आणि मला सखूबाई भेटल्या. तुझी आई. मीही त्यांना आईच म्हणू लागलो, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना ऐकू जात नसे. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून उल्हास नदीत नेऊन सोडले होते. त्यावर त्यांनी एक ओवी रचली होती. अशा कितीतरी रचल्या होत्या. पण ओवी म्हणायची तर हात जात्यावर हवा. दळण गिरणीतून यायला लागून वर्षं लोटली होती, तरी हात फिरल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. म्हणून त्या रिकामंच जातं फिरवायच्या. खालच्या बिऱ्हाडाची तक्रार यायची, की पीठ तरी पाडा, नुसता आवाज कशाला.

तू उल्हासनगरहून टेपरेकॉर्डर आणलास. वर परदेशी नाव, आतला माल तिथल्याच कॅम्प नंबर तीनमधला. एका दुपारी शेजारच्या चार बायका जमवल्यास आणि यंत्र जात्याजवळ ठेवलंस.

"आई, म्हण."

"कुणाला म्हणू? डब्याला?"

"डब्यात मी बसलोय असं समज."

"तू? बारशाला पाळण्यात मावत नव्हतास."

मग बायकांनी आधी कोण म्हणणार यावरून वाद घातला, आणि तू रेडिओवाल्याचा आवाज काढून एकेकीचं नाव पुकारलंस. "आता आपल्यासमोर ओवी सादर करीत आहेत..." असं तू म्हणालास, तेव्हा आई म्हणाल्या, "सादर कसलं करतीय, चूल पेटवायची सोडून आलीय ती." सगळं टेप झालं. आईंना तू शेवटी ठेवलंस. जलशात असंच असतं, तू मला समजावलंस. नवखे आधी, उत्तम गाणारा शेवटी. माणसं त्याच्यासाठी थांबतात.

शेवटची ओवी ती देवांचीच होती. देव टोपलीत बसून निघाले आहेत आणि नदी त्यांना विचारते आहे, तुमचं गाव कुठलं. पुढच्या ओळीत देवांचं उत्तर. ते ऐकून बायका आधी हसायच्या आणि मग गप्प व्हायच्या. मी ती ओवी कितीदा ऐकली असेन. उत्तर आठवत नाही. सून असून शांतावहिनींना आठवत नाही, त्या दुपारी बसलेल्यांपैकी हयात असलेल्या दोघींनाही आठवत नाही. आईंच्या पिढीतल्या बायकांना एकमेकींच्या ओव्या पाठ असत. टेप झाल्यापासून कुणी पाठ केल्या नाहीत. गरजच नव्हती, डब्यात होत्या.

आई गेल्या. दर पुण्यस्मरणाला तू ती कॅसेट लावायचास. आपल्याकडची हवा तुला माहीत आहे. भिंतीला हात लावला तरी ओला होतो. कॅसेटवर पांढरी बुरशी धरली, फीत गुंडाळली गेली, पेन्सिल घालून आपण ती कितीदा सोडवली. नव्वदीचं दशक उलटत आलं तेव्हा आईंचा आवाज पाण्याखालून यायला लागला होता. त्या सुमारास उल्हासनगरात मुरलीशेठच्या दुकानात सीडी लिहायचं यंत्र आलं.

तो प्रसंग मी आजही विसरलेलो नाही. मुरलीशेठने कोरी सीडी बोटावर फिरवली आणि म्हणाला, "सौ साल चलेगा, साईं. गारंटी."

मी विचारलं, "सौ साल बाद किसको पकडने का?"

"मेरे पोते को पकडो. यहीं बैठेगा."

तू हसलास, पण तुला ते पटलं होतं. शंभर वर्षं हा शब्द ऐकल्यावर तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मोरचूद कुटतानाच पाहिलं होतं. कॅसेटवरचं सगळं सीडीवर चढलं. बायकांचा वाद, तुझं पुकारणं, काही कापू दिलं नाहीस. आणि मग कॅसेट तू मंडळाला देऊन टाकलीस, वंदना टेप करायला.

इथून आपलं भांडण सुरू होतं. मी म्हटलं, कॅसेट ठेव. तू म्हणालास, "बुरशी लागलेली वस्तू घरात ठेवून काय करू? माणूस बरा झाल्यावर दुखणं जपून ठेवतं का कुणी?" माझा विरोध काही ज्ञानातून आलेला नव्हता. सीडीबद्दल मला मुरलीशेठएवढीही माहिती नव्हती. कुणी शंभर वर्षांची खात्री दिली की मला आपलं अस्वस्थ वाटतं, एवढंच. पंचवार्षिक योजनांनी लावलेली सवय.

दुसरा वाद नगरसेवकसाहेबांचा. सीडी निघते आहे हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप धाडला: जयंतीला प्रकाशन करू, स्टेज आपलं, लाउडस्पीकर आपला. फक्त सुरुवातीला त्यांचे दोन शब्द हवेत. ते दोन शब्द मुरलीशेठच्या दुकानात टेप झाले तेव्हा मी हजर होतो. साहेबांनी आईंना दोनदा सगुणाबाई म्हटलं. गटारांच्या कामाचाही उल्लेख केला.

मी म्हटलं, "काशिनाथ, आईला आधी घाल. साहेबांना शेवटी घाल, नाहीतर घालूच नको."

"पाहुण्याला शेवटी बसवतात का रे? साहेब आधी, आई शेवटी. तशीच रीत आहे."

"लोक तिथवर पोचणार नाहीत."

"पोचतील. आईसाठी थांबतील."

मग छापखान्यात गोल कागद छापले गेले, सीडीवर लावायला. मध्ये साहेबांचा चेहरा, भोवती नाव. आईंचा फोटो मावला नाही. तू पातेलंभर खळ शिजवलीस, तुझी नेहमीची, निळी, आणि एकेक सीडी ग्रंथासारखी समोर घेऊन कागद चिकटवलास. कडेपासून कडेपर्यंत, एक सुरकुती नाही. मीही एकीला लावला. मध्येच कागद फुगला. तू सीडी हातात घेऊन पाहिलीस. "हे काय, लायब्ररी? पोटात वारा धरलाय हिच्या." ती तू सोनिवलीच्या मावसभावाला देऊन टाकलीस, त्याच्याकडे वाजवायला यंत्र नाही म्हणून.

प्रकाशन थाटात झालं. ताटात फुलं, फुलांत सीडी. साहेबांनी ती लोकांना दाखवायला उलटी धरली. त्या चकाकीवर ऊन पडून पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे डोळे मिटले. फोटोत ते भारावल्यासारखे दिसतात.

या वर्षी तू आजारी पडलास. तुला हॉस्पिटलात ठेवलं त्या आठवड्यात सुजाताने घरी सीडी लावली. तिला वाटलं, आजीचा आवाज ऐकावा, बरं वाटेल. साहेब बोलले. साहेबांचं संपता संपता खरखर झाली आणि यंत्र बंद पडलं. तिने सीडी ट्यूबलाइटसमोर धरली तर पलीकडची ट्यूब दिसली. कडेच्या बाजूने चकाकी उरलीच नव्हती. कागदाखाली हिरवट डाग होते.

मला तिने हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. तुझी लेक अंबरनाथच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे, तिला शोधावं लागलं नाही. "काका, मोरचूद. धातूला खातं ते. वरचं वार्निश पातळ असतं, खळीच्या ओलीनं आत उतरलं असणार. बाबांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. तीही नाही. रोज संध्याकाळी तू तिला विचारायचास.

"ऐकलीस का गं आजी?"

"ऐकली, बाबा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मी स्टुलावर बसून खिडकीबाहेर पाहायचो. ती डबा धुवायला गेली असताना एकदा तू म्हणालास, "लायब्ररी, एक बिनकागदाची ठेवायला हवी होती."

"कशाला?"

"काही नाही. असंच."

आणि तू आपली नखं पाहत राहिलास. म्हणजे तुला कळलं होतं. कधी कळलं, कोणती सीडी लावून पाहिलीस, घरात कुणी नसताना का, हे मी विचारायला हवं होतं की नको, ते अजून ठरत नाही. तू पोरीला कळू नये म्हणून रोज विचारत होतास आणि पोरगी तुला कळू नये म्हणून रोज खोटं बोलत होती. मी आयुष्यभर वाचनालयात बसलो, पण दोन माणसांनी एकमेकांची इतकी काळजी घेतलेली छापील पानावर फारशी पाहिली नाही. त्याबद्दल तुम्हा दोघांचा ऋणी आहे. याहून मोठा शब्द वापरला तर तू हसशील.

तू गेलास. चौथ्या दिवशी शांतावहिनी म्हणाल्या, "जलदानाच्या विधीला त्यांचा आवाज लावा." घरात तुझे फोटो आहेत, मतदार कार्ड आहे, शिवणाच्या सुया आहेत. आवाज फक्त त्या सीडीवर. तू बायकांना पुकारत होतास तो.

सुजाता आणि मी आधी मंडळात गेलो. कॅसेट मिळाली. तिच्यावर भाषणं आहेत, दोन्ही बाजूंना. मग तू जिथे जिथे सीडी वाटल्या होत्यास तिथे गेलो. सगळ्यांनी जपून ठेवल्या होत्या, कपाटात, फोटोमागे, एकाने तर रेशमी रुमालात. तुझ्या खळीने आपलं काम चोख केलं होतं: एकाही झुरळाने साहेबांच्या चेहऱ्याला तोंड लावलं नव्हतं. खरवईच्या एका बाईने साहेबांनी पक्ष बदलला म्हणून कागद सोलून काढला होता. कागदाबरोबर चकाकीही सोलून आली. बाकीच्या सगळ्या ट्यूबलाइटसमोर धरल्या की पलीकडचं दिसायचं.

मुरलीशेठने एकेक लावून पाहिली. त्याच्या काउंटरवर कागद न लावलेली, त्याच वेळची एक सीडी होती, कुठल्याशा लग्नाची. ती व्यवस्थित वाजत होती. "मेरा माल ठीक है, साईं," तो म्हणाला, पण तावातावाने नाही. मग त्याने सांगितलं की सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मधल्या भोकापाशी, शेवट कडेला. कड आधी जाते. "अंदर का बचा है. बाहर का गया."

आत साहेब होते. कडेला आई.

शेवटी सोनिवलीला गेलो. तुझ्या मावसभावाने ती फुगलेली सीडी काढून दिली. कागद मधल्या भागात नीट चिकटलाच नव्हता, म्हणून तिथली चकाकी इतरांपेक्षा थोडी जास्त शाबूत होती. मुरलीशेठच्या यंत्रात ती साहेबांना ओलांडून पुढे गेली. थोडीच. पण तुझा आवाज आला. सुजाताने काउंटरची कड धरली. मुरलीशेठने दुकानातला रेडिओ बंद केला. तिथल्या तिथे दुसऱ्या सीडीवर उतरवून घ्यायचा प्रयत्न त्याने केला, दोनदा. यंत्र तेवढ्यासाठी तयार होईना. पुढचं गाणं निवडायचं बटण दाबलं तर ते सीडीच ओळखत नव्हतं. मुकाट्याने पहिल्यापासून लावलं तरच चालायचं.

माझ्या हातून बिघडलेलं काम तुझ्या हातच्या चांगल्या कामापेक्षा जास्त टिकलं. हे वाक्य मी जिंकल्यासारखं लिहायला हवं. लिहून पाहिलं. नाही जमत. तू जगातली कुठलीही वस्तू शंभर वर्षं टिकावी म्हणून जे करत होतास तेच तू आईसाठी केलंस, हात जराही न राखता. हात राखला असतास तर त्या आज असत्या. मी तुझ्याशी वाद घातला तो कॅसेटवरून आणि साहेबांवरून. खळीवरून एक शब्द बोललो नाही, कारण तुझ्या खळीवर माझा विश्वास होता. बहुधा तेवढ्या एकाच गोष्टीवर.

जलदान विधीला घर भरलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. साहेबही आले होते, पुढच्या खुर्चीवर. विधी आटोपल्यावर सुजाताने तुझ्या फोटोशेजारी यंत्र ठेवलं आणि सोनिवलीची सीडी लावली. साहेबांचं भाषण सुरू झालं. आपलं भाषण लागलेलं पाहून साहेबांनी हात जोडले, मग मान झुकवून बसले. लोक चुळबुळ करत होते. मयताच्या घरी हे काय लावलंय, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. सगुणाबाईंचा उल्लेख झाला. गटारांचा झाला. मग टाळ्या, ज्या मुरलीशेठने दुसरीकडून आणून जोडल्या होत्या. आणि मग जात्याची घरघर, बायकांचं कुजबुजणं, आणि तू.

"आई, तू शेवटी म्हण हं. बस इथं माझ्याजवळ."

"बरं. मी बसते."

तू घसा खाकरलास, रेडिओचा आवाज लावलास, "आता आपल्यासमोर..." म्हणालास, आणि खरखर झाली. यंत्र थांबलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे यंत्रावर. इतक्या दिवसांत त्यांनी पाणीही मागून घेतलं नव्हतं.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

"आई, पुढं सरकत नाही ते. पहिल्यापासून लावावं लागेल. सगळं भाषण."

"लाव."

सुजाताने बटण दाबलं. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बंधू-भगिनींनो," साहेब यंत्रातून म्हणाले. खुर्चीवरचे साहेब पुन्हा सरसावून बसले. आणि आम्ही सगळे ते भाषण ऐकू लागलो, श्वास रोखून, एकही शब्द सुटू नये अशा बेताने.